रंगाखालच्या काती : मनीषनगरातील एका भाड्याच्या फ्लॅटमधील ढेकणांचे प्रकरण

भाडेकरारांची कामे करताना माझ्यासमोर येणारे बहुतेक वाद डिपॉझिट, विजेचे थकलेले बिल किंवा छताची गळती यांवरून पेटलेले असतात. ढेकणांवरून पेटलेला वाद मी हा एकच मुळापासून हाताळला, आणि त्यात गुंतलेली रक्कम पाहता तो खरे तर चहा पिता पिता मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण दोन्ही बाजू एकाच प्रश्नावर अडून बसल्या होत्या : ढेकूण आणले कोणी? बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. या घरात ते जवळजवळ योगायोगाने मिळाले, आणि तरीही सगळी जबाबदारी एकाच बाजूवर पडली नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पार्श्वभूमी

फ्लॅट नागपूरच्या मनीषनगरातला, दुसऱ्या मजल्यावरचा, दोन बेडरूमचा. इमारत स्टिल्ट पार्किंगवर तीन मजल्यांची असून प्रत्येक मजल्यावर तीन फ्लॅट आहेत. घरमालक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ असून ते स्वतः प्रतापनगरात राहतात. भाडेकरू म्हणजे अमरावतीहून आलेले दांपत्य आणि त्यांची चार वर्षांची मुलगी. नवराबायको दोघेही मिहानमध्ये, म्हणजे विमानतळालगतच्या उद्योग-वसाहतीत, नोकरीला आहेत. भाडे महिना १४,००० रुपये, डिपॉझिट दोन महिन्यांचे म्हणजे २८,००० रुपये, आणि करार अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा. तो ब्रोकरने आपल्या नेहमीच्या मसुद्यावरून स्टॅम्प पेपरवर टाइप करून नोटरीकडून शिक्का मारून आणला होता. नोंदणी झालेली नव्हती. त्या चार पानांत ‘फ्लॅट चांगल्या स्थितीत मिळाला असून चांगल्या स्थितीत परत करीन’ हे वाक्य होते, भिंतीला खिळे ठोकू नयेत आणि गच्चीवर पापड वाळत घालू नयेत याही अटी होत्या. पेस्ट कंट्रोल हा शब्द मात्र कुठेच नव्हता.

फ्लॅट अर्धा फर्निश्ड होता. मोठ्या बेडरूममध्ये पेटीचा लाकडी दिवाण, भिंतीत बसवलेले प्लायवुडचे कपाट आणि वर लॉफ्ट, एवढे सामान घरमालकांचे. आधी तिथे तीन विद्यार्थी राहत होते, ते १० मे रोजी गेले. त्यानंतर घरमालकांनी संपूर्ण घराला रंग काढला आणि त्या कामाच्या काळात रंगारी चार रात्री तिथेच झोपले. ही गोष्ट सुरुवातीला कोणालाच महत्त्वाची वाटली नव्हती. १ जूनला नव्या कुटुंबाने ताबा घेतला. त्यांनी गादी नवी आणली, पण ती घातली घरमालकांच्या दिवाणावर.

घटनाक्रम

९ जूनच्या सकाळी मुलीच्या दंडावर तीन-चार लाल गांधी एका ओळीत दिसल्या. नागपूरच्या जूनमध्ये अशा गांधी दिसल्या की कोणाचेही पहिले बोट डासांकडे आणि दुसरे घामोळ्यांकडेच जाते, त्यामुळे आईने पावडर लावली आणि कूलरजवळ गुडनाइट सुरू केले. ११ तारखेला तिने मोबाइलवर फोटो काढला. १३ तारखेला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले असता त्यांनी कागदावर कीटकदंश असे लिहून मलम दिले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १४ जूनला, नवऱ्याने जुन्या फर्निचरच्या दुकानातून तीन आसनी सोफा विकत आणला. एका दिवसाच्या या फरकाला पुढे फार महत्त्व आले.

२० जूनच्या रात्री दोनच्या सुमारास बायकोला मानेवर काहीतरी चालल्यासारखे वाटले. मोबाइलचा टॉर्च लावून तिने उशी उचलली, तर उशीच्या शिवणीशी चपटा, तपकिरी, साबुदाण्याच्या दाण्याएवढा किडा होता. चिरडल्यावर चादरीवर रक्ताचा ठिपका उमटला आणि तो ओळखीचा आंबूस वास आला. गावाकडच्या बाजेवर ज्याने बालपण काढले आहे त्याला हा वास पुन्हा ओळखून द्यावा लागत नाही.

२१ तारखेला सकाळी तिने घरमालकांना व्हॉट्सॲपवर कळवले : ‘काका, घरात ढेकूण निघाले आहेत, काहीतरी करावे लागेल.’ उत्तर दुपारी आले : ‘आमच्या घरात कधीच नव्हते जी. तुम्ही जुना सोफा आणला ना, त्यातून आले असतील.’ सोफ्याची बातमी त्यांना चौकीदाराकडून आधीच मिळाली होती.

इथून पुढचे दोन आठवडे दोन्ही बाजूंनी वाया घालवले. घरमालक पाहायला आले नाहीत. भाडेकरूंनी दुकानातून स्प्रेचे डबे आणले आणि रोज रात्री झोपण्याआधी दिवाणाच्या कडांवर फवारले. २ जुलैला बेडरूमच्या भिंतीला लागून असलेल्या शेजारच्या फ्लॅटमधील आजींनी अपार्टमेंटच्या सचिवांकडे तक्रार केली की त्यांच्या पलंगावर ढेकूण दिसू लागले आहेत. ५ जुलैला भाडेकरूंनी रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली : पंधरा दिवसांत बंदोबस्त करा, नाहीतर आम्ही करून घेऊ आणि खर्च भाड्यातून कापू. त्याला घरमालकांनी फोनवर उत्तर दिले की असे केल्यास पेस्ट कंट्रोल आणि शेजारच्यांची भरपाई डिपॉझिटमधून वळती करू. या टप्प्यावर सचिवांनी मला बोलावले, आणि दोन्ही बाजूंनी होकार दिल्यावर मी मध्यस्थ म्हणून बसलो. मी कोणाचाही वकील नव्हतो.

कायदा काय म्हणतो आणि काय म्हणत नाही

पहिल्या बैठकीत दोन्ही बाजूंना वाटत होते की ढेकणांबद्दल कायद्यात कुठेतरी एक स्पष्ट कलम असेल आणि ते मी काढून दाखवीन. असे कलम नाही. न्यूयॉर्क शहरात नवा भाडेकरू येताना मागच्या एका वर्षात त्या घरात आणि इमारतीत ढेकूण झाले होते का, हे ठरावीक नमुन्यावर लेखी कळवणे घरमालकावर बंधनकारक आहे. कॅलिफोर्नियात ढेकूण असल्याचे माहीत असलेले घर भाड्याने देण्यासच मनाई आहे. आपल्याकडे हा प्रश्न सर्वसाधारण तरतुदींतून सोडवावा लागतो, आणि त्यांपैकी कोणती तरतूद लागू होईल हे करार भाडेपट्ट्याचा आहे की लायसन्सचा यावर अवलंबून असते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १४ नुसार, भाडेकरूशी वेगळा करार नसेल तर घर चांगल्या आणि राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो; मात्र एका वर्षात अशी कपात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त होऊ शकत नाही. या घराचे वर्षाचे भाडे १,६८,००० रुपये धरले तर मर्यादा ४२,००० रुपयांची होते, म्हणजे पैशाच्या बाजूने अडचण नव्हती. भाडेकरूंच्या नोटिशीमागे कोणीतरी जाणकार होता हे पंधरा दिवसांच्या मुदतीवरूनच दिसत होते.

अडचणी दोन होत्या. एक, कलम १४ भाडेकरूबद्दल बोलते, आणि लिव्ह अँड लायसन्सखाली राहणारा माणूस बोलीभाषेत भाडेकरू असला तरी कायद्याच्या नजरेत लायसेन्सी, म्हणजे केवळ राहण्याची परवानगी मिळालेला, असतो. दोन, औषध फवारणे ही ‘दुरुस्ती’ होते का, यावर प्रामाणिकपणे दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो. प्लायवुडच्या फटी बुजवणे, उखडलेली पट्टी बदलणे, विजेच्या बोर्डामागचे भगदाड भरणे ही दुरुस्तीच आहे असे माझे ठाम मत आहे. निव्वळ फवारणीबद्दल मी तेवढ्या ठामपणे बोलणार नाही.

लायसेन्सीसाठी खरा आधार जुन्या कायद्यात आहे, आणि तो आमच्या बाररूममध्येही फार कमी वेळा उघडला जातो. भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ याचे कलम ५७ सांगते की मालमत्तेत लायसेन्सीच्या शरीराला किंवा मालाला धोकादायक ठरू शकेल असा दोष असेल, तो देणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला माहीत नसेल, तर तो उघड करणे देणाऱ्यावर बंधनकारक आहे. भाडेपट्ट्यासाठी याच अर्थाची तरतूद मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०८ मध्ये आहे. आता ढेकूण ‘धोकादायक’ म्हणावेत का? ढेकूण माणसांत रोग पसरवतात असे आढळलेले नाही. ते खाज, जखमा, झोपमोड आणि काहींना ॲलर्जी देतात. चार वर्षांच्या मुलीने खाजवून खाजवून दंड सोलून घेतलेला पाहिल्यावर हा शब्दच्छल मला लांबवावासा वाटला नाही. महत्त्वाचा शब्द ‘माहीत असेल’ हा होता, आणि त्याच्यावर मी पुढे येतो.

करार नोंदवलेला नसल्यामुळे घरमालकांची बाजू आणखी लंगडी झाली होती. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटी-शर्तींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते; शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे ऐकल्यावर घरमालक बराच वेळ गप्प बसले. ते जुन्या पिढीचे, १९४९ च्या मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या भाडे नियंत्रण आदेशाखाली रेंट कंट्रोलरची परवानगी मिळाल्याशिवाय भाडेकरूला नोटीसही देता येत नसे, तो काळ पाहिलेले. ‘तवा भाडेकरू निघत नव्हते, आता ढेकूण निघत नाहीत,’ असे ते म्हणाले, आणि बैठकीत पहिल्यांदाच सगळे हसले.

भाडेकरूंनाही मी दोन गोष्टी सांगितल्या. संपूर्ण भाडे थांबवणे हा उपाय नव्हे; नोटिशीनंतरची कपात आणि सरसकट थकबाकी यांत कायदा फरक करतो. आणि हा वाद न्यायालयात नेला तर मुलगी शाळेत जाऊ लागेल, पण निकाल लागलेला नसेल.

पाहणी

१२ जुलैला घरमालक, भाडेकरू दांपत्य, सचिव, मी आणि कीटकनाशक अधिनियम, १९६८ खालचा परवाना असलेला एक पेस्ट कंट्रोलवाला असे पाच-सहा जण त्या बेडरूममध्ये जमलो. परवाना आधी पाहून घ्यावा, हे मी आवर्जून सांगितले होते. फवारणीचा पंप पाठीला लावून फिरणाऱ्या प्रत्येकाकडे तो असतोच असे नाही.

माणूस अनुभवी होता. त्याने आधी काहीही फवारले नाही. गादी उभी केली, दिवाणाच्या पेटीची झाकणे काढली आणि हातात टॉर्च व जुने एटीएम कार्ड घेऊन फटी उकरत बसला. झाकणाच्या खालच्या बाजूला, बिजागरीच्या पट्टीत, शाईच्या पेनाचे टोक टेकवल्यासारखे काळे ठिपके रांगेने होते; ती ढेकणांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. ओल्या कापसाने पुसल्यावर ठिपका तांबूस फिसकटला. स्क्रूच्या खोबणीत पांढुरकी, मिलिमीटरभर लांबीची अंडी चिकटलेली होती. जिवंत ढेकूण सगळ्या आकारांचे होते : तीळाएवढ्या फिक्या पिलांपासून पूर्ण वाढ झालेल्या पाच-सहा मिलिमीटरच्या नगांपर्यंत.

घरमालक म्हणाले, ‘हे तर आताचे आहेत. सव्वा महिना झाला यांना राहायला.’ हा आक्षेप चुकीचा नव्हता. मादी दिवसाला एक ते पाच अंडी घालते, ती साधारण ६ ते १० दिवसांत फुटतात, पिलू प्रत्येक टप्प्यावर रक्त पिऊन एकूण पाच वेळा कात टाकते, आणि उबदार हवेत हे सगळे पाच-सहा आठवड्यांत उरकते. ताबा घेऊन ४१ दिवस झाले होते. केवळ पूर्ण वाढलेले ढेकूण दिसले म्हणून ते आधीचेच, असे म्हणता आले नसते. मुलीच्या गांधींवरूनही नाही, कारण चावल्याची प्रतिक्रिया काहींना लगेच, तर काहींना चौदा-चौदा दिवसांनी येते.

मग त्याने कपाटाकडे मोर्चा वळवला. डाव्या दाराची उभी प्लायवुड पट्टी भिंतीपासून किंचित सुटलेली होती. कार्ड आत सरकवून त्याने ओढले, तसा रंगाचा एक पापुद्रा बोटभर लांबीचा सुटून आला आणि तो त्याने माझ्या हातावर उलटा ठेवला. वरून मळकट पांढरा ऑइलपेंट, खालून प्रायमरचा करडा थर, आणि त्या करड्या थरात चिकटून बसलेल्या पाच पोकळ, पारदर्शक, मधाच्या रंगाच्या काती. एकीचे पाय अजून शाबूत होते. रंगाऱ्याच्या ब्रशने त्यांना पट्टीवरून ओढत नेऊन कोपऱ्यात जमा केले होते आणि वरून दुसरा हात मारला होता. सुटलेल्या पट्टीच्या मागे, जिथे ब्रश पोहोचला नव्हता, तिथे मूठभर काती आणि वर्षभराची काजळी धरावी तसे ठिपके होते.

घरमालकांनी चष्मा काढून पापुद्रा डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, ‘रंगारी झोपले होते इथे. त्यांच्या पथारीतून आले असतील.’ तेही तपासून पाहिले. काती प्रायमरच्या थरात होत्या, म्हणजे पहिला हात मारण्याआधी त्या तिथे पडलेल्या होत्या. आणि समजा रंगाऱ्यांनी आणले असते, तरी रंगारी घरमालकांचे. ताब्याच्या आधी घरात जे शिरले ते नव्या भाडेकरूच्या खात्यावर टाकता येत नाही. उलट, विद्यार्थी गेल्यानंतरच्या रिकाम्या काळात त्या चार रात्री ढेकणांना रंगाऱ्यांचे आयते जेवण मिळाले असणार. पूर्ण वाढलेला ढेकूण उपाशीपोटी कित्येक आठवडे काढू शकतो. घर तीन आठवडेच रिकामे होते.

सोफाही उलटा केला. त्याच्या खालच्या कापडात दोन पिले सापडली. कात एकही नाही, अंडी नाहीत, जुने ठिपके नाहीत. शिवाय डॉक्टरांचा कागद सोफा येण्याच्या आदल्या दिवशीचा होता. सोफा बेडरूमकडून बाधित झाला होता, बेडरूम सोफ्याकडून नव्हे. घरमालकांचा महिनाभराचा मुख्य मुद्दा तिथे संपला.

माहीत होते का?

राहिला कलम ५७ मधला शब्द. घरमालक शपथेवर सांगायला तयार होते की त्यांना ढेकणांची कल्पना नव्हती, आणि मला ते खोटे बोलत आहेत असे वाटले नाही. तरी मी त्यांना आधीच्या विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲप संदेश उघडायला सांगितले. फेब्रुवारीत एकाने लिहिले होते : ‘काका, दिवाणात किडे झालेत.’ काकांचे उत्तर : ‘गाद्या उन्हात टाका.’

घरमालकांच्या डोक्यात तेव्हा वाळवी किंवा लाकूड पोखरणारा किडा आला असावा. पण मग उत्तर गाद्यांबद्दल का? यावर त्यांच्याकडे बोलायला काही नव्हते. माझ्या मते ढेकूण आहेत हे त्यांना माहीत नव्हते, पण काहीतरी आहे हे माहीत होते, आणि घर पुन्हा देण्याआधी ते काय आहे हे पाहण्याची संधी रंगकामाच्या निमित्ताने त्यांच्या हातात होती. न्यायालयाने याला ‘माहिती’ मानले असते की नाही, यावर पैज लावायला मी धजणार नाही. तडजोडीच्या टेबलावर मात्र एवढे पुरेसे होते.

उन्हाबद्दल थोडे. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर गाद्या-बाजा टाकण्याची आपली जुनी रीत अगदीच खोटी नाही. सुमारे ४८ अंश तापमान दीड तास टिकले तर ढेकूण आणि त्यांची अंडीही मरतात, आणि ५० अंशांच्या पुढे तर लवकरच. पण गादीचा वरचा पापुद्रा तापतो, पोट थंडच राहते, आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. त्यातून विद्यार्थ्यांनी उन्हात टाकल्या त्या गाद्या. जिन्यातून न निघणारा दिवाण आणि भिंतीतले कपाट जागीच राहिले.

भाडेकरूंची चूक

पाहणीनंतर भाडेकरू दांपत्याला वाटले की आता सगळेच त्यांच्या बाजूने झाले. तसे नव्हते. दुकानातल्या स्प्रेमध्ये बहुधा पायरेथ्रॉइड वर्गातील औषध असते, आणि ढेकणांच्या अनेक पिढ्या त्या औषधांना सरावलेल्या आहेत. समोर दिसणारे मरतात, फटीतले बिचकून दुसरी वाट धरतात. विजेच्या बोर्डाच्या मागून जाणारा पाइप दोन्ही फ्लॅटमधून जातो. बोर्ड उघडल्यावर त्यात तीन ढेकूण मिळाले. शेजारच्या आजींच्या पलंगापर्यंत ते नेमके त्या दहा-बारा दिवसांत पोहोचले, जेव्हा इकडे रोज रात्री फवारा चालला होता. घरमालकांनी लक्ष दिले नाही म्हणून हे करावे लागले, हा त्यांचा खुलासा अर्धा खरा होता. लेखी नोटीस २१ जूनलाच दिली असती तर पंधरा दिवस ५ जुलैला संपले असते. त्यांनी ही मुदतच त्या दिवशी सुरू केली.

एका गोष्टीबद्दल मात्र मी त्यांचे आभार मानले. इमारतीतल्या कोणीतरी त्यांना धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या खोलीत ठेवून दार बंद करायला सुचवले होते, आणि त्यांनी ते ऐकले नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्या हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सोडतात. तो फटींतून आणि पाइपांतून शेजारी जातो, आणि ढेकणांसाठी घरात ठेवलेल्या अशा गोळ्यांनी देशात माणसे मेलेली आहेत. त्यांची विक्री सामान्य ग्राहकाला करण्याची परवानगीच नाही. जुलैच्या दमट हवेत, भिंतीपलीकडे आजी झोपलेल्या असताना काय झाले असते, ते मी बैठकीत मुद्दाम मोठ्याने सांगितले, कारण सुचवणारे गृहस्थ तिथेच बसले होते.

तडजोड

१३ जुलैला दोन पानांचा समझोता झाला. फ्लॅटमधील उपचाराचे दोन सर्व्हिसचे ४,२०० रुपये घरमालकांनी द्यायचे. पहिली सर्व्हिस १५ जुलैला आणि दुसरी ३० जुलैला ठरली. पंधरा दिवसांचे अंतर मुद्दाम, कारण औषध अंड्यांवर फारसे चालत नाही आणि दरम्यान फुटलेली पिले अंडी घालण्याइतकी मोठी होण्याआधी गाठावी लागतात. दिवाण जागेवरच खोलून, फळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून नष्ट करायचा. कबाड्याला विकायचा नाही. हे शेवटचे वाक्य घरमालकांच्या गळी उतरवायला अर्धा तास लागला, कारण लाकूड सागवानी होते. कपाटाच्या पट्ट्या बदलणे, फटी आणि बोर्डामागची जागा भरणे हे सुतार-इलेक्ट्रिशियनचे काम घरमालकांच्या खर्चाने; ते ३,००० रुपयांत झाले.

आजींच्या बेडरूमच्या उपचाराचे १,८०० रुपये दोघांनी निम्मे-निम्मे भरायचे. भाडेकरूंना हे नऊशे रुपये सर्वांत जड गेले, पण त्यांनी ते दिले. शिवाय तयारीचे सगळे काम त्यांचे होते : कपडे आणि चादरी साठ अंशांच्या पाण्यात धुणे, धुता न येणारे सामान पिशव्यांत सीलबंद करणे, कपाट रिकामे करणे, सोफ्याचे खालचे कापड फाडून टाकणे. पेस्ट कंट्रोलवाला दारात आल्यावर कपाट भरलेलेच असेल तर कोणतेही औषध काम करत नाही, आणि हा भाग घरमालक कितीही भला असला तरी त्याच्या हातात नसतो. सुतारकामाचे तीन दिवस कुटुंब अमरावतीला गेले. त्या दिवसांचे १,४०० रुपये भाडे घरमालकांनी आपणहून सोडले. डिपॉझिटला हात लावायचा नाही, असे दोघांनीही लिहून दिले.

त्याच बैठकीत कराराला पुरवणी जोडली आणि या वेळी सगळे मिळून नोंदवले. ताबा देताना दोघांनी टॉर्च घेऊन फर्निचर, कपाट आणि बोर्ड पाहायचे आणि सही करायची. ढेकूण दिसल्यापासून ४८ तासांत भाडेकरूने लेखी कळवायचे आणि स्वतः काही फवारायचे नाही. कळवल्यापासून सात दिवसांत घरमालकांनी परवानाधारकाकडून पाहणी करून घ्यायची. ताब्यापासून ३० दिवसांत निघालेल्या ढेकणांचा खर्च, भाडेकरूच्या सामानातून आल्याचे दिसले नाही तर, घरमालकांचा. त्यानंतर पाहणीत जे दिसेल त्याप्रमाणे. तीस दिवसांची ही रेष कोणत्याही कायद्यात नाही. ती आम्ही ढेकणाच्या वाढीच्या हिशोबाने ओढली, आणि कोणी पंचेचाळीस म्हटले असते तर मी भांडलो नसतो.

पुढे

दुसऱ्या सर्व्हिसनंतर तेरा दिवसांनी, १२ ऑगस्टला, बायकोने बोर्डाच्या कडेला एक जिवंत पिलू पाहिले. घरात पुन्हा रडारड झाली, पण या वेळी तिने स्प्रे न उचलता फोटो काढून त्याच दिवशी कळवले, आणि वॉरंटीत तिसरी सर्व्हिस फुकट मिळाली. ती मिळाली नसती तर पेस्ट कंट्रोलवाल्याविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता आले असते; घरमालकाविरुद्ध तो मार्ग सहसा चालत नाही. पोळ्यानंतर काहीच दिसले नाही. आजींनी ऑक्टोबरात भिंतीपासून सरकवलेला पलंग परत जागेवर लावला.

कुटुंब पुढच्या एप्रिलअखेर, अकरा महिने पूर्ण करून, नव्या घरी गेले. डिपॉझिटमधून विजेच्या शेवटच्या बिलाचे ६१० रुपये कापले गेले. नव्या भाडेकरूसाठी करार तयार होत असताना ब्रोकरने घरमालकांना विचारले की ढेकणांचे हे पान जोडायची काय गरज आहे, गिऱ्हाईक पळून जाईल. घरमालकांनी तिन्ही सर्व्हिसच्या पावत्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि म्हणाले, ‘जोडा जी, याच्या मागेच लावा.’ रंगाचा तो पापुद्रा सचिवांच्या फायलीत एका खाकी पाकिटात आहे. पाचांपैकी एक कात आता तुटली आहे.